आधी प्रकार, मग ताट: मधुमेहात आहाराचा हिशेब कसा मांडायचा

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. उपाशीपोटी दर १०० मिलिलिटरमागे १०० मिलिग्रॅम साखर धरली, तर सगळ्या रक्तात मिळून ती भरते जेमतेम ५ ग्रॅम. चहाचा एक चमचा. याउलट १५० ग्रॅम शिजलेल्या भातात कर्बोदकं असतात ४० ग्रॅमच्या वर, आणि पचल्यावर त्यांचं बहुतेक ग्लुकोजच होतं. म्हणजे रक्तात आधीपासून असलेल्या साखरेच्या आठपट. तरी मधुमेह नसलेला माणूस तो भात खातो, त्याची शुगर थोडी चढते, दोन तासांत खाली येते आणि त्याला काही कळतही नाही.

ही आठपट साखर रिचवण्याचं काम स्वादुपिंड, यकृत आणि स्नायू मिळून करतात. मधुमेहात हे काम अडतं, पण ते नेमकं कुठे अडलंय हे प्रत्येक प्रकारात वेगळं असतं. म्हणून ‘मधुमेह्यांनी हे खा, ते टाळा’ अशी सरसकट यादी दिसली की मी आधी विचारतो, कोणत्या मधुमेह्यांनी? एकाची गोळी सुटायला कारण ठरलेला आहार दुसऱ्याला थेट अतिदक्षता विभागात पोचवू शकतो. यादीपेक्षा दोन गोष्टी जास्त उपयोगी पडतात: आपल्या मधुमेहाचा प्रकार नक्की माहीत असणं, आणि ग्लुकोमीटरने स्वतःच्याच जेवणाची परीक्षा घेता येणं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

पायरी १: आपला मधुमेह कोणता, हे नक्की करा

टाईप १ मध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या बीटा पेशींवर उलटते आणि त्या नष्ट करते. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी याच, त्यामुळे इन्सुलिन बाहेरून घेण्याला पर्याय उरत नाही. हा मधुमेह लहानपणी जास्त दिसत असला तरी कोणत्याही वयात होऊ शकतो. १९२१ मध्ये टोरांटोत फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळं काढलं आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं गेलं. त्याआधी डॉक्टरांच्या हातात होता तो फक्त आहार, तोही जवळपास उपासमारीचा. त्याने मुलांचं मरण थोडं लांबायचं, एवढंच. ‘फक्त आहाराने टाईप १ बरा करू’ म्हणणारा भेटला, तर हा प्रयोग शंभर वर्षांपूर्वी होऊन गेलाय हे त्याला सांगा आणि उठून या.

टाईप २ मध्ये इन्सुलिन बनतं, सुरुवातीला तर गरजेपेक्षा जास्त बनतं. पण यकृत आणि स्नायू त्याला दाद देत नाहीत. यकृतात चरबी साठली की ते रात्रभर नको इतकं ग्लुकोज रक्तात सोडत राहतं. जास्तीचं काम करून करून बीटा पेशी थकतात आणि मग शुगर वर राहायला लागते. जगातल्या मधुमेह्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक लोक या प्रकारातले आहेत. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, त्यामुळे ‘गोड खाऊन झाला’ हा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा निकाल अन्यायाचा आहे. अंगकाठीने सडपातळ माणसालाही तो होतो, कारण पोटाच्या आतली चरबी वजनकाट्यावर वेगळी दिसत नाही.

या दोघांच्या मधे एक फसवा प्रकार आहे, लाडा. मूळ रोग टाईप १ चाच, पण मोठेपणी सुरू होतो आणि सावकाश वाढतो, म्हणून बऱ्याचदा त्यावर टाईप २ चा शिक्का बसतो. माणूस बारीक आहे, घरात कुणाला मधुमेह नाही, गोळ्या वाढवूनही शुगर आटोक्यात येत नाही आणि वजन घटतंय, असं चित्र असेल तर डॉक्टरांना जीएडी अँटीबॉडी (प्रतिकारशक्ती बीटा पेशींवर उलटल्याची खूण) आणि सी-पेप्टाइड या तपासण्यांबद्दल जरूर विचारा. स्वतःचं इन्सुलिन किती बनतंय याचा अंदाज सी-पेप्टाइडवरून येतो. या रुग्णाला ‘आणखी कमी खा’ असं सांगत राहिलं, तर इन्सुलिन सुरू होण्यात महिने वाया जातात.

मोडी हा एकाच जनुकातल्या बिघाडाने होणारा मधुमेह. आजी, वडील, मुलगी अशा सलग पिढ्यांत तो दिसतो आणि बहुधा पंचविशीच्या आत लक्षात येतो. त्याच्या एका उपप्रकारात फास्टिंग शुगर आयुष्यभर जराशी वर राहते आणि सहसा कोणतंच औषध लागत नाही. दुसऱ्या एकात सल्फोनिलयुरिया गटाच्या साध्या गोळ्या छान काम करतात. जनुकीय तपासणी होईपर्यंत अनेकांना उगाच इन्सुलिन चालू असतं.

गरोदरपणातला मधुमेह वारेतून येणाऱ्या हार्मोन्समुळे होतो. ही हार्मोन्स इन्सुलिनचा असर कमी करतात. सहसा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून चाचणी करतात. फास्टिंग ९२, एका तासाने १८० आणि दोन तासांनी १५३ यांपैकी एकही आकडा गाठला किंवा ओलांडला तरी निदान होतं. उपाशी राहणं हा इथे उपाय होऊच शकत नाही, कारण बाळ वाढत असतं. कर्बोदकं दिवसभरात तीन छोटी जेवणं आणि दोन-तीन मधल्या खाण्यांत वाटून घ्यायची. सकाळी इन्सुलिनला प्रतिसाद सर्वांत कमी असतो, म्हणून नाश्त्यात ती सर्वांत कमी ठेवायची. बाळंतपणानंतर ४ ते १२ आठवड्यांत पुन्हा चाचणी करायची असते. ती हमखास राहून जाते, कारण तोवर सगळ्यांचं लक्ष बाळाकडे गेलेलं असतं. पुढे टाईप २ होण्याचा धोका या आईला बराच जास्त असतो, म्हणून नंतरही दर एक ते तीन वर्षांनी तपासत राहावं.

उरलेले प्रकार थोडक्यात. स्वादुपिंडाला वारंवार सूज आल्याने झालेल्या मधुमेहात पाचक रसही कमी पडतात. तेलकट खाल्लं की जुलाब होतात आणि शुगर अचानक खाली जाण्याची भीती जास्त असते. सकाळी स्टेरॉइडची गोळी घेणाऱ्यांची फास्टिंग शुगर अगदी नॉर्मल आणि संध्याकाळची अडीचशे असू शकते, तेव्हा तपासणी दुपारनंतर करावी. आणि कुपोषणाशी जोडलेला एक मधुमेह आहे. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ मध्ये त्याला ‘टाईप ५’ म्हणून मान्यता दिली. वाढीच्या वयात पोटाला पुरेसं न मिळाल्याने स्वादुपिंडाची ताकदच कमी राहिलेल्या या माणसांना ‘वजन घटवा’ हा सल्ला उलटा पडतो. त्यांना पुरेसं अन्न आणि प्रथिनं हवी असतात.

पायरी २: रिपोर्ट वाचायला शिका

फास्टिंग १२६ किंवा अधिक, ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा अधिक, अथवा एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा अधिक असेल तर मधुमेह. लक्षणं नसतील तर एका आकड्यावर निदान करत नाहीत, दुसऱ्या चाचणीने खात्री करतात. खूप तहान, वारंवार लघवी, वजन घटणं अशी लक्षणं असतील आणि कोणत्याही वेळची शुगर २०० किंवा अधिक असेल, तर तेवढं पुरतं. अमेरिकन मधुमेह संघटनेच्या निकषांत फास्टिंग १०० ते १२५ किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे पूर्वमधुमेह. रिपोर्ट मिलिमोलमध्ये असेल तर त्या आकड्याला १८ ने गुणलं की मिलिग्रॅममधला आकडा मिळतो.

एचबीएवनसी म्हणजे साधारण गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी. ६ टक्के म्हणजे सरासरी शुगर १२६ च्या आसपास, ७ म्हणजे १५४, ८ म्हणजे १८३. पण सरासरीत चढउतार लपतात. दिवसभर १५० वर स्थिर असलेला माणूस आणि ६० ते २५० मध्ये हेलकावे खाणारा माणूस, दोघांचा आकडा सारखा येऊ शकतो. शिवाय लोहाच्या कमतरतेने ॲनिमिया असेल तर एचबीएवनसी खोटा जास्त दिसू शकतो. नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा तांबड्या पेशी लवकर फुटत असतील तर खोटा कमी. हिमोग्लोबिन कमी असलेल्यांनी हा आकडा एकट्याने वाचू नये.

पायरी ३: कोणतं अन्न शुगर कशी हलवतं, ते समजून घ्या

शुगरवर सर्वांत मोठा आणि सर्वांत लवकर परिणाम कर्बोदकांचा. जिभेला गोड लागतं की नाही याच्याशी रक्ताला देणंघेणं नसतं. बटाटा, भात, पाव, मका यांतला स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या, आणि त्या आतड्यात तुटतात. पांढऱ्या पावाचे दोन स्लाइस म्हणजे साधारण ३० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे सहा-सात चमचे साखरेएवढा ऐवज. चहातली साखर बंद करून त्याच चहाबरोबर चार बिस्किटं खाणाऱ्याची शुगर का उतरत नाही, याचं उत्तर इथे आहे.

प्रथिनांचा परिणाम छोटा आणि उशिरा दिसतो. चरबी स्वतः शुगर फारशी वाढवत नाही, पण पोट रिकामं व्हायला वेळ लावते. म्हणून चीज घातलेल्या पिझ्झ्यानंतर दोन तासांनी तपासलं तर आकडा फसवा चांगला येतो आणि खरी चढण चार-पाच तासांनी लागते. वर चरबीत ग्रॅममागे ९ कॅलरी, म्हणजे कर्बोदकं आणि प्रथिनांच्या दुपटीहून जास्त. साखर सोडली म्हणून तळलेल्यावर हात सैल सोडणाऱ्याचं वजन वाढतं, आणि टाईप २ मध्ये वाढलेलं वजन शुगरच्या रूपाने परत येतंच.

फायबर पचत नाही, त्यामुळे ते साखर बनत नाही. विरघळणारं फायबर, म्हणजे ओट्स, कडधान्यं, सफरचंद यांतलं, आतड्यात चिकट गर तयार करतं आणि ग्लुकोज रक्तात जाण्याचा वेग कमी करतं. दिवसाला २५ ते ३० ग्रॅमचं लक्ष्य ठेवावं, पण एकदम उडी मारू नये, पोट फुगतं. दोन-तीन आठवड्यांत वाढवत न्यावं आणि पाणीही वाढवावं.

आता ग्लायसेमिक इंडेक्स. ही कल्पना डेव्हिड जेनकिन्स आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडली. शुद्ध ग्लुकोजला १०० गुण. ५५ पर्यंत कमी, ७० आणि त्यापुढे जास्त. कल्पना चांगली आहे, पण तिचं स्तोम फार माजलं. एक तर ही चाचणी ५० ग्रॅम कर्बोदकं मिळतील एवढा पदार्थ एकटाच खायला देऊन करतात, आणि आपण तसं जेवत नाही. दुसरं, त्यात पदार्थाच्या प्रमाणाचा विचारच नाही. कलिंगडाचा इंडेक्स अनेक तक्त्यांत सत्तरच्या पुढे दिलेला असतो, म्हणून लोक ते सोडून देतात. पण १०० ग्रॅम फोडींत कर्बोदकं जेमतेम ८ ग्रॅम. इंडेक्सला त्या ग्रॅमने गुणून १०० ने भागलं की मिळतो ग्लायसेमिक लोड. तो इथे ६ च्या आसपास येतो, आणि १० च्या आतला लोड कमी समजतात. याउलट, कमी इंडेक्सचा पदार्थ म्हणून पास्ता मोठं ताट भरून खाल्ला तर इंडेक्स कामी येत नाही.

तरी एक गोष्ट त्यातून घेण्यासारखी आहे. धान्य जितकं दळलेलं, पॉलिश केलेलं आणि मऊ शिजवलेलं, तितकं ते लवकर रक्तात उतरतं. अख्खे ओट्स आणि दोन मिनिटांत होणारे इन्स्टंट ओट्स या वेगळ्या वस्तू आहेत. भात किंवा बटाटा शिजवून फ्रीजमध्ये थंड केला की त्यातला थोडा स्टार्च न पचणाऱ्या रूपात जातो, हे खरं आहे, पण फरक लहान असतो. त्या भरवशावर ताटात दुप्पट भात वाढून घेऊ नये.

मध, गूळ, ब्राऊन शुगर यांच्याबद्दल एका वाक्यात: रक्ताच्या दृष्टीने ती साखरच. फळं मात्र वेगळी, कारण अख्ख्या फळात फायबर असतं आणि ते चावून खाण्यात वेळ जातो. तीन संत्र्यांचा रस अर्ध्या मिनिटात पोटात जातो. तीन संत्री तेवढ्या वेळात कुणी खाऊन दाखवावीत. जागतिक आरोग्य संघटना ज्या साखरेला दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली ठेवायला सांगते, तिच्यात फळांचा रस धरलेला आहे, अख्खं फळ धरलेलं नाही.

पायरी ४: आपली कर्बोदकं मोजा

स्वयंपाकघरातला एक वजनकाटा आठवडाभर वापरा. आयुष्यभर तोलत बसायची गरज नाही, नजर तयार झाली की पुरे. अंदाजासाठी काही आकडे, ग्रॅममध्ये: १०० ग्रॅम शिजलेला भात २८; १०० ग्रॅम उकडलेला बटाटा २०; पावाचा एक स्लाइस १५; ३० ग्रॅम गव्हाचं पीठ २१; २५० मिलिलिटर दूध १२; मध्यम केळं २७; मध्यम सफरचंद २५; १०० ग्रॅम शिजलेली मसूर डाळ २०, पण त्यातलं ८ ग्रॅम फायबर. पालेभाज्या, काकडी, टोमॅटो, कोबी, फ्लॉवर, भेंडी, वांगी यांत इतकी कमी असतात की बहुतेकांना मोजायची गरज पडत नाही. अंडी, मासे, चिकन, पनीर यांतही जवळपास शून्य किंवा नगण्य.

एका मुख्य जेवणाला किती, याचा सगळ्यांना चालणारा आकडा कुणी देऊ शकत नाही. उंची, काम, औषधं यांवर ते ठरतं. बहुतेकांची मर्यादा ३० ते ६० ग्रॅमच्या मधे कुठेतरी निघते, आणि ती नेमकी कुठे हे पुढच्या पायरीत मीटर सांगतो. तोवर ताटाचे भाग पाडा: अर्धं ताट बिनस्टार्चच्या भाज्या, पाव ताट प्रथिनं, पाव ताट धान्य किंवा बटाट्यासारखं काही. ताट लहान घ्या. मोठ्या परातीचा पाव भाग म्हणजेही डोंगर होतो.

जेवणाचा क्रमही बदलून पाहा. आधी भाज्या आणि प्रथिनं, भात किंवा पाव शेवटी. तेच पदार्थ, तेवढेच, फक्त क्रम उलटा. तरी जेवणानंतरची चढण कमी होते हे अभ्यासांत दिसलंय. फुकटातला उपाय आहे, वापरून बघायला काय हरकत?

पाकिटावरच्या मजकुराची सवय लावून घ्या. ‘साखर ० ग्रॅम’ या ओळीवर नजर थांबते, ती एक ओळ वर ‘एकूण कर्बोदकं’ पर्यंत न्या. शुगर-फ्री बिस्किटात मैदा असतोच. घटकांत माल्टोडेक्स्ट्रिन दिसलं तर ते जवळपास ग्लुकोजच्याच वेगाने शुगर चढवतं. माल्टिटॉल साखरेपेक्षा कमी चढवतं, पण शून्य नक्कीच नाही, आणि जास्त खाल्लं तर पोट बिघडतं.

पायरी ५: मीटरला विचारा

माझ्या मते या लेखातला सर्वांत उपयोगी भाग हाच. बरेच जण रोज सकाळी फास्टिंग मोजतात, वहीत लिहितात आणि त्यावरून काहीच बदलत नाहीत. पहाटे शरीर कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हार्मोन सोडतं, यकृत ग्लुकोज ओततं. त्यामुळे सकाळच्या आकड्यावरून रात्रीचं कोणतं जेवण सोसलं आणि कोणतं नाही, हे सांगणं अवघड. जेवणाचा निकाल हवा असेल तर जोडीने मोजावं लागतं.

पद्धत अशी. एक जेवण निवडा, समजा नाश्ता. पहिला घास घेण्याआधी शुगर मोजा. काय खाल्लं, किती ग्रॅम, किती वाजता, ते लिहा. पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी पुन्हा मोजा. जेवण संपल्यापासून नाही. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे त्या जेवणाचं गुणपत्रक. फरक ३० ते ५० च्या आत असेल तर ते जेवण तुम्हाला मानवतं असं ढोबळमानाने धरा. ८०-१०० च्या पुढे असेल तर दुसऱ्या दिवशी तोच नाश्ता, पण एकच गोष्ट बदलून: धान्य अर्धं करा, किंवा अंडं जोडा, किंवा खाऊन झाल्यावर पंधरा मिनिटं चाला. एकदम तीन गोष्टी बदलल्या तर कशाचा गुण आला हे कळणार नाही. मग पुढचं जेवण घ्या. गरोदर नसलेल्या बहुतेक प्रौढांसाठी जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत हे सर्वसाधारण लक्ष्य असतं. वृद्धांसाठी किंवा शुगर वारंवार लो होणाऱ्यांसाठी डॉक्टर ते सैल ठेवतात.

मोजण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. नुकतंच केळं सोललेल्या बोटावरची साखर थेंबात मिसळून आकडा पन्नासने फुगल्याचं सहज घडतं. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा, दमट हवेने त्या खराब होतात. आणि मीटरला थोडी चूक माफ असते. आंतरराष्ट्रीय मानकातही १०० च्या वरच्या वाचनात १५ टक्क्यांचा फरक चालतो. त्यामुळे १४२ आणि १५१ यांत चांगलं-वाईट शोधत बसू नये.

चालण्याचा उल्लेख सहज केला, पण त्यामागचं कारण मोठं आहे. काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातलं ग्लुकोज आत ओढतो. म्हणून टाईप २ मध्ये जेवणानंतरचे दहा-पंधरा मिनिटांचे फेरे पीपीवर, म्हणजे जेवणानंतरच्या शुगरवर दिसतात. हा प्रयोग एकदा करून बघणाऱ्याला व्यायामाचं महत्त्व पुन्हा सांगावं लागत नाही.

पायरी ६: औषध आणि आहार एकमेकांना जोडा

आहार बदलण्याआधी आपल्या गोळ्यांची नावं डॉक्टरांसमोर ठेवा, कारण धोका इथेच असतो.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या सल्फोनिलयुरिया गटाच्या गोळ्या चालू असतील आणि तुम्ही भात अचानक निम्मा केला, तर शुगर लो होऊ शकते. औषध जुन्या जेवणाच्या हिशेबाने काम करत राहतं. डोस आधी किंवा बरोबरीने कमी करून घ्यावा लागतो. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर ही भीती फार कमी. तिथे वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्यांनी बी१२ तेवढं तपासत राहावं.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. त्या चालू असताना कर्बोदकं अगदी बंद करणं किंवा लांबलचक उपास करणं धोक्याचं आहे. शरीरात कीटोन (चरबी जळताना बनणारे आम्ल पदार्थ) साठून रक्त आम्लधर्मी होऊ शकतं, म्हणजेच कीटोॲसिडोसिस होऊ शकतो, तोही शुगर फारशी वाढलेली नसताना, त्यामुळे तो ओळखायला उशीर होतो.

टाईप १ मध्ये आहाराचं काम साखर ‘बरी’ करण्याचं नसतं, इन्सुलिनचा डोस अन्नाला जुळवण्याचं असतं. साधारण इतक्या ग्रॅम कर्बोदकांना एक युनिट, असं प्रत्येकाचं गुणोत्तर डॉक्टरांसोबत ठरतं, आणि दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी ते वेगळंही असू शकतं. हे जमलं की वाढदिवसाचा केकसुद्धा हिशेबात बसतो.

दारू घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: दारू पचवण्यात गुंतलेलं यकृत नवं ग्लुकोज बनवत नाही. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया घेऊन, न जेवता दारू प्यायल्यास शुगर मध्यरात्रीनंतर, झोपेत पडू शकते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं आणि पोटॅशियम यांचं प्रमाण आहारतज्ज्ञांकडूनच ठरवून घ्यावं. वरचं पाव ताट तिथे जसंच्या तसं लागू होत नाही.

पायरी ७: टाईप २ असेल तर वजनाकडे गांभीर्याने बघा

ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ या चाचणीत, निदान होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या आणि इन्सुलिन न घेणाऱ्या टाईप २ रुग्णांना काही महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरींचा द्रव आहार दिला आणि मग हळूहळू नेहमीच्या जेवणावर आणलं. वर्षअखेर ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधांविना निवळला होता. १५ किलो किंवा अधिक वजन घटवलेल्यांत हे प्रमाण ८६ टक्के होतं. यकृत आणि स्वादुपिंडातली चरबी उतरली की बीटा पेशी पुन्हा कामाला लागतात, असं यामागचं स्पष्टीकरण आहे. पण दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ४६ चे ३६ झाले, आणि त्याचं मुख्य कारण परतलेलं वजन. म्हणून याला ‘बरा झाला’ न म्हणता ‘निवळला’ म्हणतात: औषध बंद करून किमान तीन महिने एचबीएवनसी ६.५ च्या खाली. तपासण्या चालूच ठेवायच्या असतात. इतका कमी आहार घरच्या घरी, देखरेखीशिवाय करायचा नसतो.

पूर्वमधुमेह असलेल्यांना तर एवढंही लागत नाही. २००२ मध्ये निष्कर्ष आलेल्या अमेरिकेतल्या मोठ्या प्रतिबंध चाचणीत ७ टक्के वजन घटवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम, एवढं उद्दिष्ट दिलं होतं. त्याने मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिनने ३१ टक्क्यांनी.

पायरी ८: शुगर लो झाली किंवा आजारी पडलात तर

थरथर, घाम, धडधड, अचानक भूक, चिडचिड किंवा गोंधळल्यासारखं वाटणं, यांपैकी काही झालं की मोजा. ७० च्या खाली असेल तर लगेच १५ ग्रॅम साखर: पाण्यात चहाचे तीन चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर, नाहीतर १५० मिलिलिटर फळांचा रस. पंधरा मिनिटं थांबून पुन्हा मोजा, अजून खाली असेल तर पुन्हा तेवढंच. चॉकलेट इथे कामाचं नाही, त्यातली चरबी साखरेला उशीर करते. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज घेणाऱ्यांनी साध्या साखरेवर विसंबू नये, ती गोळी साखर फुटूच देत नाही. त्यांनी शुद्ध ग्लुकोज जवळ ठेवावं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका. त्याला कुशीवर वळवा, ग्लुकागॉन (शुगर वाढवणारं औषध) असेल तर द्या आणि रुग्णवाहिका बोलवा.

ताप, उलट्या, जुलाब असताना भूक नसते, म्हणून अनेक जण इन्सुलिनही टाळतात. टाईप १ मध्ये ही चूक जिवावर बेतते. आजारपणात शरीर तणावाची हार्मोन्स सोडतं आणि न जेवताही शुगर चढते. दर तीन-चार तासांनी शुगर मोजा, घोट घोट पाणी पीत राहा, जेवण जात नसेल तर पेज किंवा सूप घ्या, कीटोनच्या पट्ट्या असतील तर तपासा. लघवीवाटे साखर काढणाऱ्या गोळ्या आणि मेटफॉर्मिन अशा वेळी थांबवाव्या लागू शकतात, त्यासाठी डॉक्टरांना फोन करा. उलट्या थांबत नाहीत, श्वास खोल आणि भरभर चाललाय, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतोय किंवा गुंगी येतेय, यांपैकी काहीही दिसलं तर फोनची वाट न बघता रुग्णालय गाठा. आणि दीर्घकाळ काम करणाऱ्या इन्सुलिनचा डोस, पोटात अन्नाचा कण नसला तरी, स्वतःच्या मनाने बंद करू नका.